दाजींचा हात

लाटेवर शेपटीचं टोक दिसलं की मासा कोणता ते सांगणारा माणूस, अशी आमच्या बंदरात थियामहोक दाजींची ओळख होती. लांब चोचीचे मासे सगळे सारखेच, असं कुणी म्हटलं की दाजी त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघायचे. पट्टेरी वेगळा, ताठपंखी वेगळा. ताठपंखीचं मांस पांढरं, आणि छातीकडचे पंख मेल्यावरसुद्धा मिटत नाहीत. "आमच्या हिच्यासारखा आहे," दाजी म्हणायचे, "मोडेल, पण वाकणार नाही." ही म्हणजे माझी थोरली बहीण, त्यामुळे मला हसायची चोरी.

हिवाळ्यात उत्तरेचं वारं सुटून समुद्र खवळला की हे मासे वर येतात. बाकीच्या बोटी तेव्हा परत फिरतात, आम्ही निघतो. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेपुढच्या फळीवर पाय पट्ट्यांत अडकवून दाजी उभे, धरायला काही नाही, काखेत लांबलचक तीनफाळी भाला. शेजारी दुसरा भालेकरी सुइबोक. मी सुकाणूवर. पहिला भालेकरी बोलत नाही, नुसता हात दाखवतो, आणि सुकाणूवाल्यानं समुद्राकडे नाही, त्या हाताकडे बघायचं. एकतीस हिवाळे मी दाजींच्या हाताकडे बघत आलो.

मग तो हात चुकायला लागला. नाकासमोरचं दाजींना दिसे. बाजूनं मासा गेला तर पत्ता नसे. जेवताना शेजारची आल्याच्या सुपाची वाटी त्यांच्या कोपरानं उपडी होई.

"ओंगकी, सांग ना म्हाताऱ्याला, आता पुरे म्हणून," सुइबोक म्हणाला.

"तूच सांग की. तुझी जीभ काय भाड्यानं दिलीय?"

दोघांनाही धीर झाला नाही. फळीवरून उतरवलं तर हा माणूस झुरून मरेल, असं मला वाटे. म्हणून आम्ही ठरवलं की सुइबोकनं आपला डावा हात पाठीमागे धरून खरी दिशा दाखवायची आणि मी त्याच्या हाताकडे बघायचं. मासा समोर आला की दाजींचा भाला अजूनही अचूक लागे. माशाच्या नावात मात्र ते चुकत. आम्ही "हो हो, ताठपंखीच!" म्हणत घाईघाईनं मासा बर्फात ढकलायचो. दोन हिवाळे असे काढले.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी धक्क्यावर गर्दी होती. दाजींनी ताठपंखी म्हणून मारलेला मासा आम्हाला लगेच बर्फात ढकलता आला नाही, तो फरशीवर पडून राहिला. दाजी कौतुकानं त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी पंखावर हात ठेवून दाबला. पंख मिटला. त्यांनी तो उघडला, पुन्हा दाबला. पुन्हा मिटला.

"ओंगकी, तू कुणाच्या हाताकडे बघत होतास?"

"तुमच्याच, दाजी."

"मी उजवीकडे हात केला की बोट डावीकडे जायची. मला वाटायचं, लाटा ढकलतायत."

त्यांनी फळीवर चढून पायाचे पट्टे स्वतः सोडले आणि घरी नेले.

ताईनं त्यांना शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. संध्याकाळी ती माझ्या दारात आली, आत येईना. "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर नजर वाचली असती म्हणे. गेलेली परत येत नाही. तुला कधीपासून माहीत होतं रे?"

"दोन वर्षं."

ती तशीच परत गेली. मी दया केली असं मला वाटत होतं. मी भेकड होतो, आणि त्याची किंमत दाजींच्या डोळ्यांनी भरली.

आता त्यांना काहीच दिसत नाही. दुपारी काठी टेकत ते धक्क्यावर येतात, विचारतात, "काय आणलंस?" मी खरं तेच सांगतो. दाजी मान हलवतात, मग खाली बसून चाचपत पंख शोधतात आणि स्वतः दाबून बघतात.