सिस्टरांचा खिडकीतला वॉर्ड

कुणाच्याही घरी गेल्या की सिस्टर आधी कुंडीत बोट घालायच्या. आपण "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत गेलेली असायची. क्षणभर डोळे मिटायच्या, बोट रुमालाला पुसायच्या आणि निकाल द्यायच्या, "आज नको." म्हणजे आज पाणी नको. मग खुर्चीत बसून घरातल्या माणसांची चौकशी. एकदा एका लग्नात कार्यालयाच्या दारातल्या कुंडीत त्यांनी असंच बोट घातलं, तर झाड प्लॅस्टिकचं निघालं. सिस्टर तिथेही "आज नको" म्हणाल्या आणि काहीच न घडल्यासारख्या जिलबीकडे वळल्या.

आपण निवृत्त झालो हे कुणी सांगितलेलंच नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सिस्टर त्यातल्या. आमच्या सावेडीतल्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेला. आता पेशंट उरले नव्हते, म्हणून खिडकीत जाड पानांच्या झाडांचा वॉर्ड मांडला होता. कोरफड, जेड, स्नेक प्लँट आणि नावं न कळणारी ती गुबगुबीत सक्युलंट्स. प्रत्येक कुंडीवर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर बॉलपेनने तब्येत लिहिलेली. "दोन चमचे दिले." "आज नको." "ऊन मागते आहे." रविवारी चर्चहून आल्या की पांढरी साडी न बदलताच राऊंड घ्यायच्या आणि सगळ्या पट्ट्या नव्याने लिहायच्या. पाणी द्यायच्या ते बिनसुईच्या सिरिंजने.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती आरोपी म्हणून. प्रदर्शनातून हौसेने आणलेली सहा इवली सक्युलंट्स मी पंधरा दिवसांत कुजवली होती. जिन्यात माझ्या हातातल्या कुंड्या बघून त्या म्हणाल्या, "अगं, एवढी माया कशाला करायची? जरा दुर्लक्ष करायला शीक." माझ्या सासूबाईंनीही संसाराबद्दल मला हेच सांगितलं होतं, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं.

त्याच वर्षी माझे वडील, नाना, आमच्याकडे राहायला आले. ते खर्ड्याकडच्या शाळेत गुरुजी होते. अक्षर असं, की गावातल्या लग्नपत्रिकांवर नावं घालायला माणसं त्यांच्याकडे यायची. कितीतरी म्हाताऱ्यांचा अंगठा सोडवून त्यांनी त्यांना सही शिकवली होती. आणि अर्धांगवायूच्या झटक्याने नेमका त्यांचा उजवा हात गेला. पाय सुधारला, वाचा आली, हात मात्र मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून राहिला.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत नेलं. तिथल्या मुलीने चांगुलपणानेच शाईचं पॅड पुढे केलं. नानांनी अंगठा उठवला. घरी आल्यावर साबणाने घासघासून धुतला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हात वापरला नाही तर हात विसरेल. चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा व्यायाम दिला होता. पहिल्याच दिवशी तीन चिंचोके खाली पडले आणि नानांनी वाटी सरकवून दिली. चिडले की त्यांच्यातला गुरुजी बाजूला व्हायचा आणि खर्ड्याचा माणूस बोलायचा. "न्हाई जमत. ऱ्हाऊ दे. लई झालं." मी रागावले, रडले, शेवटी तमाशा नको म्हणून गप्प बसले.

उन्हाळ्यात सिस्टर आठ दिवस बहिणीकडे गेल्या, आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या अकोल्याला. जाताना त्यांनी चार कुंड्या आमच्या खिडकीत ठेवल्या. त्यांत त्यांचं सगळ्यात जुनं जेड होतं, एका पेशंटने घरी जाताना दिलेल्या फांदीचं वाढवलेलं. "गुरुजी, काही करायचं नाही. नुसतं बघायचं," असं त्यांनी बजावून सांगितलं.

आता इथे तुम्हाला नानांच्या शाळेतला एक नियम सांगायला हवा. तिकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय. तरीही त्यांच्या शाळेच्या आवारात कडुनिंबाची रांग उभी राहिली, कारण प्रत्येक पोराने बाटलीतला शेवटचा घोट झाडाला द्यायचा. स्वतः गुरुजीही द्यायचे. त्या माणसाला तुम्ही खिडकीशी बसवून, पुढ्यात कोरड्या मातीची कुंडी ठेवून, नुसतं बघायला सांगताय! नाना पाणी प्यायचे आणि प्रत्येक पेल्यातला शेवटचा घोट डाव्या हाताने जेडला द्यायचे. मला पत्ता नाही. मी आपली खूश, नाना हल्ली पाणी बरं पितात म्हणून.

सिस्टर आल्या. सवयीने बोट घातलं, आणि या वेळी निकाल न देताच पानं उचलून पाहिली. जेडची पानं काचेसारखी झाली होती. खोड दाबलं तर मऊ लागलं आणि अख्खी फांदी हातात आली.

"म्या मारलं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तहानलेलं दिसत हुतं वो."

"तहान तुमच्याकडची, गुरुजी. त्याला नव्हती," सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण सूर वॉर्डातलाच होता. "आणि मेलं कुणी सांगितलं? केसपेपर मी अजून बंद केलेला नाही. ब्लेड आण गं."

त्यांनी कुजलेलं सगळं कापून टाकलं. शेंड्याची एक बोटभर काडी आणि तीन धड पानं एवढंच वाचलं. ते चार दिवस कागदावर सुकवलं. मग वाळू आणि विटांचा चुरा घातलेल्या मातीत काडी रोवली, पानं नुसती वर ठेवली.

"आता रोज बोट घालून बघायचं. उजव्या हाताचं."

"त्या बोटाला काय कळतंय?"

"डाव्यानं न विचारता पाणी पाजलंत. आता उजव्यानं विचारायचं."

मला वाटलं, नाना कुंडी सरकवून देतील. पण चूक त्यांची होती आणि ते गुरुजी होते. दिलेली शिक्षा त्यांनी मुकाट्याने घेतली. सिस्टरांनी त्यांची आखडलेली तर्जनी धरून सरळ केली, मातीत टेकवली आणि म्हणाल्या, "सांगा."

"काय बी न्हाई कळत."

"बरं. उद्या विचारू."

असं रोज, न चुकता, दुपारचा चहा झाला की. सिस्टर कधी "छान, छान" म्हणाल्या नाहीत. माझ्या तोंडून एकदा निघालं तर मलाच डोळे वटारले. तिसऱ्या आठवड्यात एका पानाच्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखं मूळ दिसलं. ते पाहायला नानांनी चष्मा मागवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा सिस्टरांची मदत न घेता हात स्वतः कुंडीपर्यंत नेला. वाटेत कपबशी पडली, फुटली. कुणीही तिकडे पाहिलं नाही.

आणि एक दिवस मातीत बोट असताना नाना थांबले. भुवया वर गेल्या. "ओली हाय," ते म्हणाले. "सिस्टर, खाली ओली हाय!"

"मग?"

"मग... आज नको."

मला स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुवावं लागलं. आनंदाने रडतात म्हणतात ते खरं आहे, फक्त त्या वेळी नाक फार वाहतं.

जूनमध्ये अकोल्याहून फोन आला. सिस्टरांची थोरली बहीण पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. सिस्टरांनी घर आवरायला घेतलं. "आता एकच पेशंट. पण ड्युटी चोवीस तासांची," असं म्हणताना त्या कितीतरी तरुण दिसत होत्या. झाडं मात्र नेणार नव्हत्या. "तिकडच्या पावसात भात पिकतो. ही मंडळी आठ दिवसांत सडतील."

निघायच्या सकाळी सगळ्या कुंड्या त्यांनी आमच्या खिडकीत लावल्या आणि नर्सा पाळी बदलताना करतात तसा चार्ज दिला. "बेड नंबर एक, कोरफड. ठणठणीत. उन्हासाठी हट्ट करते, ऐकायचं. बेड नंबर दोन, स्नेक प्लँट. महिनाभर विसरलात तरी चालेल." नाना वर्गातल्या पोरासारखं प्रत्येक वाक्य परत म्हणत होते. शेवटी नववी कुंडी आली. जेडच्या काडीला आता नवी पानं फुटली होती, शेजारी जुन्या पानांतून आलेली तीन पिल्लं. तिच्यावरची पट्टी कोरी होती.

"ही तुम्ही लिहायची," सिस्टर म्हणाल्या आणि चिकटपट्टीचं रीळ व बॉलपेन नानांच्या उजव्या बाजूला ठेवलं.

"अन् न्हाई जमलं तर?"

"तर कोरी राहील. झाडाला वाचता येत नाही गुरुजी, त्याचं काही अडत नाही."

रिक्षात बसायच्या आधी त्यांनी फाटकाशेजारच्या कुंडीत बोट घातलं. काय निकाल दिला ते मला ऐकू आलं नाही.

जुलै गेला. पट्टी कोरीच राहिली. मी रोज तिच्याकडे चोरून बघायचे आणि नाना मला बघताना बघायचे. एकदा बॉलपेन जमिनीवर सापडलं. एकदा कचऱ्याच्या डब्यात चुरगळलेल्या चिकटपट्ट्यांचा गोळा दिसला. मी विचारलं नाही. दुर्लक्ष करायला शिकले होते.

गेल्या रविवारी मी बाजारातून आले तेव्हा नाना खुर्चीत डुलकी घेत होते. उजव्या तर्जनीच्या नखात माती होती. नवव्या कुंडीवर नवी पट्टी होती, जरा वाकडी चिकटवलेली. अक्षरं डोंगर चढल्यासारखी वर वर गेली होती, "ज" तर कुठल्या कुठे. पण वाचता येत होतं. "आज नको."

खाली सही होती. पूर्ण नाव, गावासकट.

मी फोटो काढून अकोल्याला पाठवला. लगेच फोन आला. मागे पत्र्यावर पाऊस कोसळत होता. त्यातून त्यांचा आवाज आला, घोगरा, पण वॉर्डातलाच.

"पुढच्या रविवारी बाकीच्या आठही त्यांनाच लिहू दे. आणि गं, नोव्हेंबरात बँकेत जाताना पेन घरचं ने."