टोकियोतला नवा चष्मा

टोकियोत मुलाकडे राहायला गेले होते. टीव्हीवर आधी माणसांअभावी ओस पडलेली गावं आणि मुलांअभावी बंद पडलेल्या शाळा दाखवल्या, मग लगेच डोळ्यांसमोर खरंच वाटणारं जग उभं करणाऱ्या, गेम खेळायच्या नव्या चष्म्याचं कौतुक. जणू त्या दुखण्यावर हेच औषध. मला काही ते पटेना. मुलगा तसलाच चष्मा डोळ्यांवर आणि हेडफोन कानांवर चढवून भिंतीकडे बघत हसत होता.

एवढ्यात जमीन हलली. दिवा झोके घेऊ लागला, कपाटातल्या बशा वाजल्या. “अरे, भूकंप,” मी ओरडले. तो हसतच राहिला. घरात आम्ही दोघं होतो, पण भूकंपात मी एकटीच होते. घाबरून मी त्याचा हात गच्च धरला.

तो खुशीत स्वतःशीच म्हणाला, “काय भारी गेम आहे. हा हात तर अगदी खरा वाटतोय.”