ऋता मॅडमना राग येत नाही

आमच्या शेजारच्या ऋता मॅडमना मी आजवर एकदाही ओरडताना ऐकलेलं नाही. म्हणूनच ती बाई मला डोळ्यांसमोर नको असते.

माहेर सांगलीचं, नवरा अभिराम द्रोणागिरीच्या एका गोदामात मोठा साहेब. मॅडम आधी शाळेत शिकवायच्या. तिथं कुणाशी तरी बिनसलं आणि त्यांनी नोकरी सोडली. आवाज न चढवताच सोडली असणार. आता घरी बसून त्या कोलंबिया, पेरूकडच्या लोकांना इंग्रजी शिकवतात. त्या लोकांची भाषा स्पॅनिश. तिकडे संध्याकाळ झाली की आपल्याकडे पहाट होते, त्यामुळे मी नवऱ्याच्या, धनेशच्या, डब्याची भाकरी थापत असते तेव्हा मॅडमचा क्लास माझ्या ओट्यावर भरतो. आमच्या दोघींच्या ड्राय बाल्कनीत एक भिंत आहे, पण ती नावालाच.

बाई शिकवतात मात्र जीव लावून, ते नाकारून कसं चालेल? त्या लोकांच्या भाषेत म्हणे भीती माणसाजवळ असते, जशी पिशवी असते तशी. म्हणून ते इंग्रजीतही 'आय हॅव फिअर' म्हणतात. मॅडम न कंटाळता 'आय अ‍ॅम अफ्रेड' घोकून घेतात. मग रागाची पाळी येते. अनॉइड, अपसेट, अँग्री, फ्युरियस. हे सगळं शिकवून झालं की त्या बजावतात, यातले शेवटचे दोन शब्द शक्यतो वापरायचेच नाहीत. आधी आपल्याला काय वाटतंय ते सांगायचं, मग 'हाऊएव्हर' म्हणून गाडी वळवायची आणि शेवटी 'देअरफोर' लावून आपल्याला हवं ते मागायचं. तिकडची माणसं माना डोलवत असतील. इकडे मी भाकरी जरा जोरातच आपटते.

हाच धडा त्यांनी माझ्या सासूवर चालवला.

माझी सासू गोजरा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. सगळा जन्म खाडीवर गेला, आता आमच्या फ्लॅटमध्ये राहते. तिला टीव्ही नको, देवदर्शन नको. टेरेसच्या एका कोपऱ्यात कापड अंथरून जवळा सुकवायचा, एवढं एकच काम तिनं स्वतःचं म्हणून ठेवलं होतं. सकाळी पाटी घेऊन वर गेली की ती दुपारपर्यंत कावळे हाकत बसायची आणि खाली यायची ती खुशीत.

एके दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. 'टेरेसवरच्या वासामुळे मला अस्वस्थ वाटतं. आजींबद्दल मला मनापासून आदर आहे. तथापि इथे सगळ्या प्रकारची कुटुंबं राहतात. त्यामुळे यावर चर्चा व्हावी, ही विनंती.' मी सासूला मेसेज वाचून दाखवला आणि म्हटलं, "आई, ही तुमच्यावर उठलीय."

"आदर हाय बोलते ना?" सासू म्हणाली. "मंग कसलं भांडन? भांडन असतं तं दारान येऊन वरडली असती."

सारसोळ्यात भांडण असंच व्हायचं. दोघी आपापल्या ओटीवर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या, सगळी आळी जमायची आणि संध्याकाळी त्यातलीच एक दुसरीकडे कालवण पाठवायची. जी ओरडली नाही ती भांडलीच नाही, असा सासूचा सरळ हिशोब. मी परोपरीनं सांगितलं, पण तिनं ऐकलं नाही. जवळ्याची चटणी केली आणि वाटी घेऊन स्वतः मॅडमच्या दारात गेली. मॅडमनी हसून वाटी घेतली, "थँक यू, आजी" म्हणाल्या. सासू खूश होऊन परत आली.

त्याच संध्याकाळी दुसरा मेसेज. 'मी माझी भावना मांडल्यावर माझ्याच दारात तीच वस्तू आणून देण्यात आली. मला अतिशय असुरक्षित वाटलं.' खाली हात जोडलेलं चित्र. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी मीटिंग झाली. मॅडम मऊ आवाजात बोलल्या, सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. हात वर करायची वेळ आली आणि धनेशला नेमका तेव्हाच फोन आला. आमच्या बाजूनं हात एकटा माझा. टेरेसला कुलूप लागलं आणि किल्ली सेक्रेटरी सुधीरकाकांच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासू पाटी घेऊन वर गेली. मी तिला कुलपाचं सांगितलं होतं, पण तिला ते खरं वाटलं नव्हतं. तशीच खाली उतरली, पाटी जिन्यात आपटली आणि मॅडमच्या दारावर थापा मारल्या. "भायेर ये! माजी वाटी हसून घेतलीस नि मागून कुलूप लावलंस? ये भायेर, बोल माज्यासमोर!" अख्खा मजला जागा झाला. मी कमरेला पदर खोचून तिच्यामागे उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. आता ही बाई तोंड उघडेल आणि तिचं खरं रूप चारचौघांत दिसेल, याची मी वाट बघत होते.

मॅडमनी दार उघडलं. कानाला हेडफोन. आत वळून स्क्रीनवरच्या लोकांना म्हणाल्या, "वन मिनिट, प्लीज." मग सासूकडे बघून हसल्या. "आजी, तुम्हाला वाईट वाटलंय, मी समजू शकते. पण माझा क्लास सुरू आहे, त्यामुळे आपण नंतर बोलू." आणि आवाजही न करता दार लावून घेतलं.

सासूचा हात हवेतच राहिला. मी धरून तिला घरात आणलं, स्वयंपाकघरात बसवलं. भिंतीपलीकडे मॅडम कुणाचं तरी वाक्य दुरुस्त करत होत्या. मी विचारलं, "आई, चहा ठेवू?"

तिनं नको म्हणून मान हलवली. मग जमिनीकडे बघत बोलली.

"माजी जाव माजं केस धरून भांडली. ही भांडली पन नाय गो. हिनं मना मानसात धरलंच नाय."