केबिनमधलं गोडं पाणी

दादाच्या अंथरुणाखालची फळी निघाली तेव्हा मी केबिनमध्येच होते. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस होते. होडी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वर ओढून ठेवली होती आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून तिच्यावर निळं प्लास्टिक बांधलेलं होतं. दादानं फळीखालच्या लाकडावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावला नाही, नुसता टेकवला, आणि तो आत गेला.

"हे बघा इंजिनेरबाई," तो म्हणाला, "तुमचा एसी इथे पोचला."

तो हसत होता. मला हसता आलं नाही. मी ते लाकूड बोटानं दाबून पाहिलं. ते भिजलेल्या पावासारखं दबलं आणि दबलेलंच राहिलं.

या हंगामापासून होडी दादा चालवणार होता. पप्पांचे गुडघे आता सुकाणूच्या चाकाजवळ तासन् तास उभं राहू देत नाहीत. दोन वर्षं ते "पुढच्या साली, पुढच्या साली" म्हणत होते आणि यंदा त्यांनी स्वतःच शेजाऱ्यांना सांगून टाकलं होतं की तांडेल आता पोरगा. दादा दहावीनंतर होडीवर गेला. मी शिकत राहिले, आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. त्यानं माझ्यासाठी शाळा सोडली असं घरात कुणी म्हणत नाही. खरंही नसेल कदाचित, त्याला अभ्यास आवडत नव्हता. पण मी मेकॅनिकलच्या वर्गात बसते तेव्हा मधूनच मला वाटतं, की ही बाकाची जागा कुणाची तरी आहे.

एसीची कल्पना माझी. आमच्या होडीचं केबिन इंजिनाच्या बरोबर वर आहे. उन्हाळ्यात खालून इंजिन तापतं, वरून पत्रा. पाच-सहा दिवस समुद्रात राहायचं आणि पाळीपाळीनं त्या भट्टीत झोपायचं. मागच्या वर्षी दादा पाठीवर घामोळं घेऊन आला, ते फुटून जखमा झाल्या. मम्मी त्यावर खोबरेल लावत होती आणि तो पालथा पडून मला विचारत होता, "तुमच्या कॉलेजात एसी असतो ना गं?" असतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये तर इतका असतो की मी ओढणी गुंडाळून बसते. मी त्याला "कधीकधी असतो" असं सांगितलं.

मग एका बंद पडलेल्या ऑफिसातून निघालेला जुना खिडकीचा एसी मिळाला. जनरेटर केबिनच्या टपावर बसला. एसी मी बसवला, दादानं धरला. घरात एसी बसवताना तो किंचित बाहेर कलता ठेवतात, म्हणजे आतली हवा गार होताना जे पाणी सुटतं ते बाहेर पडतं. मीही तसंच केलं, लेव्हलची पट्टी लावून, तिच्यातला बुडबुडा बघून. फक्त ओहोटी होती आणि होडी चिखलात एका कुशीवर कललेली होती. भरती आली, होडी सरळ झाली, आणि एसी आत कलला. पहिल्याच फेरीत सगळं पाणी दादाच्या उशीवर. बंदरावरच्या काकांनी आठवडाभर पप्पांना विचारलं, "काय रे, केबिनमध्ये नळ घेतलास म्हने?"

मी एसीच्या आतल्या कडेखाली रबराचे तुकडे घालून ती वर उचलली. तरी समुद्रात होडी दोन्ही बाजूंना झुलणारच, थोडं पाणी आत येणारच. म्हणून खाली पत्र्याचा ट्रे लावला, ट्रेला पाइप जोडला. आता पाइप न्यायचा कुठे? सरळ होता मार्ग, होडीच्या बाजूला एक भोक पाडून बाहेर. पण आमच्या घरात एक रीत आहे. होडी बांधताना जी काय भोकं पाडायची ती सुतार पाडतो. एकदा फादर येऊन होडीला आशीर्वाद देऊन गेले, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, क्रूस लागला, की घरच्या माणसानं तिच्या अंगाला नवं भोक पाडायचं नाही. पप्पांनी मान हलवली.

"बाय, पानी बाहेर काढायला भोक पाडशील, त्यातनं पानी आत येईल."

मी वाद घातला नाही. मला वाटलं, हा मान राखायला हवा, आणि खरं सांगायचं तर मला दुसरा सोपा उपाय सुचला होता. होडीच्या तळाशी पाणी साचतंच, ते पंपानं बाहेर फेकतातच. पाइप खाली तळात सोडला की झालं. पप्पांना पटलं. दादाला पटलं. मम्मीनं सुद्धा मान डोलावली.

आणि आम्ही कोण माणसं? लहानपणी मी एकदा नळाच्या पाण्याची बादली घेऊन होडी धुवायला गेले तर मम्मीनं बादली हातातून घेऊन वाळूत ओतली होती. होडी धुवायची ती समुद्राच्या पाण्यानं. खारं पाणी लाकडाला राखतं, गोडं कुजवतं. वर ओढलेल्या होडीवर आम्ही प्लास्टिक बांधतो ते यासाठी. तळाशी मिठाचे खडे टाकतो ते यासाठी. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि त्याच आम्ही चौघांनी हंगामभर तळात थेंब थेंब गोडं पाणी सोडलं. एसीचं पाणी आमच्या डोक्यात मशीनचं पाणी होतं, इंजिनाच्या तेलासारखं काहीतरी. ते हवेतलं, म्हणजे पावसाचंच पाणी आहे, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातलं ते पाणी आणि पप्पांच्या होडीतलं पाणी मला एकच वाटलं नाही.

शिवाय एसीच्या थरथरीनं फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस सैल केला होता. तिथून पाणी लाकडाच्या आड जाऊन बसत होतं. पंपाला ते सापडतच नव्हतं.

बदलायच्या फळ्या बऱ्याच निघाल्या. लाकूड मिळायला वेळ लागला. सुतार दुसऱ्या होड्यांत अडकलेला. बंदी उठली, बाकीच्या होड्या गेल्या, आणि आमची वाळूत उभी. शेजारच्या काकांनी दादाला त्यांच्या होडीवर खलाशी म्हणून बोलावलं. तांडेल म्हणून ज्याचं नाव बंदरभर झालं होतं, तो दुसऱ्याचं जाळं ओढायला गेला. परत आला तेव्हा पाठ पुन्हा तशीच. मी खोबरेल घेऊन उभी राहिले तर म्हणाला, "राहू दे, मम्मी लावेल. तुझे हात थंड असतात."

तो सहज म्हणाला असेल. मला अजून नक्की कळलेलं नाही.

मी पप्पांना सांगितलं की एसी काढून टाकूया. मला वाटलं ते लगेच हो म्हणतील, आणि मला बरं वाटेल. पप्पा जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसले होते.

"काढून काय करशील?"

"होडी कुजली पप्पा त्याच्यामुळे."

"होडीला फळ्या बदलता येतात," ते म्हणाले. "याच्या पाठीला कुठली फळी लावू?" मग थोडं थांबून, "भोक कुठे पाडायचं ते दाखव. फादरला परत बोलवू आपन. बोलतील काय बोलायचं ते."

भोकाची जागा मी खडूनं दाखवली. दोनदा पुसली. भोक सुतारानंच पाडलं, पप्पा पाठ करून उभे होते. कुजलेल्या फळ्या बदलून झाल्या, एसीखाली या वेळी जाड रबर घातलं, कापूस नव्यानं ठासला. फादर आले, पाणी शिंपडलं, भोकाबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या भरतीला दादा तांडेल म्हणून निघणार होता. बर्फ भरून झाला होता, डिझेल भरून झालं होतं, खलाशी ठरले होते. मम्मीनं सुक्या बोंबलाचं कालवण डब्यात भरलं होतं.

आदल्या दुपारी दादा म्हणाला, "चल, खाडीत एक चक्कर मारू. मशीन चालू असताना तू कधी आत बसलीच नाहीस."

खरं होतं. मी जे काही केलं ते होडी उभी असताना. मम्मी "पोरीला कशाला" म्हणाली, पण पप्पाच म्हणाले, जाऊ दे.

खाडीकाठच्या किल्ल्याच्या कडेनं निघालो. दादा चाकाजवळ, मी मागे त्याच्या अंथरुणावर. इंजिन, जनरेटर आणि एसी तिन्ही चालू झाल्यावर जे काही होतं ते मला कागदावर मांडता आलं असतं, पण असं असतं हे माहीत नव्हतं. फळीला गाल टेकवला तर दात वाजत होते. एसीच्या जाळीतून गार वारा येत होता आणि अंथरूण कोरडं होतं. भोकातून पाइपाची बारीक धार खाडीत पडताना खिडकीतून दिसत होती. माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी रो-रोची बोट समोरून गेली, तिच्यावरच्या मुलांनी हात केला, दादानंही केला. मला वाटलं, झालं.

मग दादानं इंजिन वाढवलं. मी ट्रेच्या मागे हात घातला, जिथे पाइप जोडला होता आणि जिथे डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटांना पाइप हलताना लागला. थरथरीनं तो जोडातून तसूभर सुटत होता आणि परत बसत होता. बोटं बाहेर काढली तर ओली होती. जास्त नाही. एखाददुसरा थेंब, मागच्या फळीवर, आत.

दादा चाकाजवळ ताठ उभा होता. पप्पा उभे राहतात तसा नाही, जरा जास्तच ताठ, नवीन माणूस उभा राहतो तसा.

"कोरडं ना?" त्यानं मागे न बघता विचारलं.

मी ओढणीला बोटं पुसली. एक फेरी चालून जाईल, असं मला वाटत होतं. एका फेरीत लाकूड कुजत नाही. परत आल्यावर एक क्लिप बसवली की काम झालं. पहाटेची भरती त्याला मिळाली असती, खलाशी थांबले नसते, बर्फ वितळला नसता, आणि तो परत आला असता तो तांडेल होऊन. हे सगळं माझ्या डोक्यात एकदमच आलं. तो अजून मागे बघत नव्हता.

"मागे ओलं आहे," मी म्हटलं. "पाइप सुटतोय."

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी उठून त्याच्याजवळ गेले आणि परत सांगितलं. त्याला मघाशीच ऐकू गेलं होतं. तो पुढे पाण्याकडे बघत राहिला.

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. क्लिप शोधावी लागेल. आज होईल असं नाही सांगता येत."

"बरं," तो म्हणाला, आणि बंदराकडे चाक फिरवायला लागला.