आत्याबाईंचा आभाळावर पहारा

माझ्या बायकोच्या आत्याबाईंचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे, तो म्हणजे स्वतःच्या संशयावर. ओळखीची कोळीण असली तरी पापलेटाचे कल्ले उचलून बघणार. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी मला वर पाठवणार आणि मी धडधाकट पोचल्याचा फोन आला की मगच स्वतः आत पाऊल टाकणार. राहतात घाटकोपरला, सातव्या मजल्यावर. खिडकीसमोरून विमानं उतरायला जातात आणि त्यांची एकुलती एक लेक एअर होस्टेस. त्यामुळे विमानाच्या अगदी जवळून ड्रोन गेल्याची बातमी कुठेतरी वाचली मात्र, आत्याबाईंनी घाटकोपरचं आभाळच ताब्यात घेतलं. ड्रोन म्हणून त्यांनी आजवर फुगे पकडलेत, वाऱ्यावर चढलेली प्लॅस्टिकची पिशवी पकडलीय, आणि घारी तर विचारूच नका. एकदा थेट पोलीस चौकीत फोन. "अहो, मघापासून घिरट्या घालतोय!" हवालदारानं शांतपणे विचारलं, "आजी, पंख हलतायत का?" "हलवतोय ना, मुद्दाम! घार वाटावी म्हणून!"

गच्चीवर कुणाचा तरी साखरपुडा होता. फोटोवाल्यानं ड्रोन उडवला आणि आत्याबाई जरीच्या साडीत त्याच्यासमोर उभ्या. "खाली घे रे तो!" तो म्हणाला, "आंटी, विमान कुठाय? आभाळ रिकामं आहे ना." "रिकामं दिसतं, तिथेच घात असतो," असं म्हणून त्यांनी ड्रोन उतरवलाच आणि जेवणं होईपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या.

गेल्या हिवाळ्यात मात्र एका वैमानिकानं उतरताना पंखाजवळून काहीतरी गेल्याचं खरंच कळवलं. त्या विमानात लेक नव्हती. चौकशी करत पोलीस आमच्या आत्याबाईंकडे आले, तेव्हा मी तिथेच होतो. "आजी, तुम्ही रोज बघता. काल संध्याकाळी काय दिसलं?" मला वाटलं, आता तासभर तरी सुटका नाही. पण आत्याबाईंनी आधी खिडकीबाहेर बघून घेतलं. मग म्हणाल्या, "दिसलं. काळं, मुठीएवढं. पापणी लवली तेवढ्यात गेलं. पण ड्रोनच होता, असं शपथेवर नाही सांगणार. उगाच कुणाच्या तरी पोराला धराल."

ते काय होतं, शेवटपर्यंत कळलं नाही. पोलीस गेल्यावर त्या खिडकीशीच बसून राहिल्या. "एवढे डोळे फाडून बसते हो, जावईबापू," हळूच म्हणाल्या, "आणि तरी नाही दिसत."

मी आत जाऊन चहा केला. दूध कालचं तर नाही ना, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.