ट्रंकेतला एकच महाराष्ट्र

काश्मीरचा ड्रेस हातात धरून मी उभी होते आणि समोरची पोरगी तो घालायला तयार नव्हती.

शाळा जयसिंगपूरजवळची, वर्ग चौथीचा. पंचवीस जानेवारीची दुपार. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर ही पोरं 'आपला भारत' करणार होती. एकेकानं एकेका राज्याच्या वेशात स्टेजवर यायचं, राज्याचं नाव सांगून पाठ केलेली एक ओळ म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी हात धरून गाणं म्हणायचं. कोल्हापुरात माझं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाला, गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणं. जानेवारीत आम्हाला घास गिळायला फुरसत नसते.

आमच्याकडं एक ट्रंकच 'भारत' नावाची आहे. सोळा राज्यं, सोळा ड्रेस, प्रत्येकी एकच. शाळा पोरांची नावं आणि उंची पाठवते. मी यादी बघून कुणाला काय ते ठरवते, ड्रेसला नावाची चिठ्ठी टाचते, मग दस्तगीर मास्तर तो मापात घेतात. मास्तर आमचे टेलर. माझे मिस्टर होते तेव्हापासून, म्हणजे तीस वर्षं दुकानात आहेत. आदल्या दिवशी आम्ही दोघं शाळेत जाऊन ट्रायल घेतो. तीस वर्षांत या पद्धतीबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती, आणि त्याचा मला जरा माजच होता.

तर ही पोरगी, अल्फिया मुल्ला. "मला महाराष्ट्र व्हायचंय," म्हणाली.

मी समजूत घातली. महाराष्ट्र गार्गी पाटीलला दिलाय, हा बघ किती सुंदर, चांदीचे झुमके आहेत, डोक्याला ओढणी आहे. ती ड्रेसकडं बघेना.

"मी कधी काश्मीरला गेले न्हाय. मी हितलीच हाय की. आणि आज्जी येणार हाय उद्या. तिला सांगितलंय मी नववारी नेसणार म्हणून."

मला राग आला. अजून दोन शाळा बाकी होत्या. म्हटलं, बाळ, असा हट्ट बरा नव्हे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेव्हा मुख्याध्यापिका कांबळेबाई पुढं आल्या. राज्यं कुणी वाटली, असं त्यांनी मला विचारलं. म्हटलं, तुमच्याच यादीवरून वाटलीत.

"यादीत नुसती नावं आणि उंची हाय, वैनी."

"तेच की. नावं बघून," मी म्हणून गेले आणि जीभ चावली.

बाईंनी ड्रेसवरच्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या. मुल्ला, काश्मीर. फर्नांडिस, गोवा. चौहान, राजस्थान. पाटील, महाराष्ट्र. आता या चौहानांची तिसरी पिढी इथं चहाचं हॉटेल चालवते आणि त्यांचं पोरगं हिंदी बोलायला लागलं की अख्खा वर्ग हसतो. फर्नांडिसच्या पोरानं गोवा बघितलाय तो सहलीला.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "नाव बघून माणसानं कुठं बसायचं ते ठरवायचं, ह्यापायी आमच्या घरानं लई सोसलंय. माझ्या शाळंत ते नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर खाली मान घालून सुईत दोरा ओवत होते.

बाईंनी मग सरळ पोरांनाच विचारलं, कुणाला महाराष्ट्र व्हायचंय. सोळातले अकरा हात वर. पंजाब, बंगाल, केरळ सगळे वाऱ्यावर. माझ्याकडं नववारी एकच. मला हसूच फुटलं, आणि मी हसले तशी अल्फियाही नाक पुसत हसली. गंमत म्हणजे गार्गी पाटीलचा हात खालीच होता. ती मघापासून काश्मीरच्या झुमक्यांवरून बोट फिरवत होती. तिला हेच पाहिजे होतं. महाराष्ट्र नको असलेली वर्गातली पोरगी मी बरोबर शोधून तिलाच महाराष्ट्र दिला होता.

उरला प्रश्न अकरा जणांचा. तो चौहानच्या पोरानं सोडवला. "तिनं आज्जीला सांगितलंय न्हवं? मग तिला द्या." कुणी कुरकुरलं नाही. पोरं आपापल्या राज्यात परत गेली.

गार्गी अल्फियाहून वीतभर उंच. शिवलेली नववारी उसवून पुन्हा मापात घेणं हे तासाभराचं काम. मास्तर तिथंच सतरंजीवर बसले. मी शेजारी बसून विचारलं, तीस वर्षं या चिठ्ठ्या बघताय, एकदा तरी बोलायचं.

"तुम्ही कधी इचारलं न्हाय, वैनी," मास्तर म्हणाले. "मला सहावीपर्यंत दर वर्षी अरब केलतं. पुठ्ठ्याच्या उंटासकट. मला मावळा व्हायचं हुतं."

ते हसले. मला काही हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाकीच्या दोन शाळांत कपडे पोचवून मी मुद्दाम तिथं गेले. मला धास्ती होती गार्गीच्या आजोबांची. ते शाळा समितीचे अध्यक्ष, आवाज असा की पोरं आपोआप रांगेत उभी राहतात. नात काश्मीरच्या वेशात दिसली तसे ते थबकले. ही भानगड काय, म्हणून विचारायला लागले. गार्गीनं झुमके हलवून सांगितलं, "आण्णा, मी मागून घेतलंय." आण्णांनी क्षणभर विचार केला. "मग झ्याक हाय की," म्हणाले आणि फोटोवाल्याला पुढं बोलावलं.

अल्फिया स्टेजवर आली. नाकात नथ, काष्टा ताठ. "मी महाराष्ट्र," म्हणाली आणि पुढचं विसरली.  मग तिनं आपल्याच मनानं जोडलं, "राहणार हितंच. तालुका शिरोळ." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठली, नववारीच नेसलेली, आयुष्यभर रानात राबलेली. ती तिची आज्जी. तिनं तिथूनच नातीला ओरडून सांगितलं की निऱ्या बरोबर पडल्यात. शेवटच्या गाण्याला पंजाबचा फेटा डोळ्यांवर घसरला आणि बंगालनं एका हातानं तो सावरून धरला, तरी गाणं थांबलं नाही. मी आनंदानं रडले. धंद्यात पहिल्यांदाच.

आता आमच्या यादीत नावाचा रकाना नाही. हजेरी नंबर, उंची आणि 'काय व्हायचंय', एवढंच. त्यानं काम वाढलंय. चार नववाऱ्या नव्या शिवाव्या लागल्या, आणि पंजाब कुणाच्या गळ्यात घालायचा हे दर शाळेत भांडण. मापं घेण्यात आमची हयात गेली, पण विचारून घ्यावं हे एका चौथीतल्या पोरीकडून शिकावं लागलं.

हंगाम संपल्यावर मी मास्तरांना मोठ्या मापाचा एक मावळ्याचा अंगरखा शिवायला सांगितला. कुणाच्या मापाचा, विचारल्यावर म्हटलं, तुमच्या. ते लगेच कापड बेतायला बसले. शिवून झाल्यावर फिटिंग बघायला म्हणून अंगात घातला तो संध्याकाळपर्यंत उतरवला नाही. मधेच एक गिऱ्हाईक आलं. अंगरखा त्याला फार आवडला. भाड्यानं मिळेल का, म्हणून त्यानं विचारलं.

मास्तरांनी आरशातूनच उत्तर दिलं, "न्हाय पावणं. ह्यो बुक हाय."