तिळाच्या तेलाचा वास

गाडी कुठलीही येवो, मेस्त्री आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, मग ते उघडून डोळे मिटायचे आणि नाक पुढे करायचे. मालक घाईत असला तर म्हणायचे, "थांबा कीं. अगोदर वास, मग पाना."

तंजावुरात जुन्या कोटाच्या खंदकाला लागून करंजाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. अंगात बनियन, खाकी अर्धी चड्डी, कपाळावर विभूती. दुपारपर्यंत विभूतीवर ग्रीसचं बोट उमटलेलं असायचं. पणजोबांचे पणजोबा राजाच्या पागेत होते असं ते सांगत. "घोडा तोंडानं सांगत नाही, गाडीही सांगत नाही. आमच्या घरात नाकच चालत आलंय."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या कामाकडे आपण काम नसताना बघत उभे राहतो. मी विमा कचेरीतून घरी जाताना रोज तिथे थांबायचो. ते मला 'रायर' म्हणायचे, आमच्याकडे राव मंडळींना सगळेच म्हणतात तसं. आम्ही मराठीत बोलायचो. त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ असायचं, माझ्या मराठीत कचेरीतलं इंग्रजी.

एकदा एका डॉक्टरांची गाडी दम लागल्यासारखी चालत होती. मेस्त्रींनी वास घेतला आणि म्हणाले, "बाळंतीण आहे आत." एअर फिल्टरच्या डब्यात उंदरीण व्यालेली होती. त्यांनी अंगातलं बनियन काढलं, पिलं त्यात गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि दिवसभर उघड्या अंगानं काम केलं. डॉक्टर म्हणाले, "मेस्त्री, सर्दी होईल." हे म्हणाले, "झाली तर तुमच्याकडेच येतो."

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी नव्या गाड्या आल्या. त्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, सगळा कारभार वायरींचा. मेस्त्रींची गिऱ्हाइकं हळूहळू तिरुच्चीला जाऊ लागली. मी तशीच एक नवी गाडी घेतली, तेव्हा त्यांनी बॉनेटमध्ये नाक घातलं आणि खिन्नपणे म्हणाले, "हिला वासच नाही, रायर."

पण ते हरले नाहीत. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी शनिवारी संध्याकाळी त्यांना मराठीत वाचून दाखवायचो आणि ते शेडच्या पत्र्यावर खडूनं आकृत्या काढायचे. हवा मोजणारी केसाएवढी तार कुठे असते, ती बिघडली तर काय होतं, सगळं त्यांनी पत्र्यावर उतरवलं. पन्नाशी उलटलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा पाठ म्हणायचा.

माझ्या पुतण्यानं सिंगापूरहून एक परदेशी फिल्टर पाठवलं. लाल, शंकूसारखं, मागे चकचकीत नळी. ते लावलं की इंजिन मोकळा श्वास घेतं, असं त्यावर लिहिलं होतं. मेस्त्रींनी ते उलटसुलट केलं. "कंपनीनं दिलेलं नाक कापून दुसरं लावायचं, हे कसाला?" मी हट्ट धरला. त्यांनी लावून दिलं. आवाज असा भारदस्त झाला की मी उगाचच दोनदा पापनाशमला जाऊन आलो.

आयुधपूजा आली, तुमची खंडेनवमी. चाकाखाली लिंबू, काचेवर चंदन-कुंकू हे झालंच. बरोबरच्या कागदात वाचलं की फिल्टर धुऊन त्याला तेल द्यावं. फिल्टरवाल्यांची तेलाची कुपी सामानात आली नव्हती. मी स्वैपाकघरातून तिळाचं तेल आणलं. दिवाळीला डोक्यावर थापतो त्या हातानं त्या शंकूला न्हाऊ घातलं. मनाला फार बरं वाटलं.

पंधरा दिवसांत गाडी बिघडली. सिग्नलला थरथरायची, गती द्यावी तर आचके द्यायची, रेल्वे फाटकावर बंद पडायची.

त्याच सुमारास माझा एक शाळासोबती गावात नव्या गाड्यांचं सर्व्हिस सेंटर काढत होता. त्याला एक मुख्य मेकॅनिक हवा होता. मीच मेस्त्रींचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "तुझी गाडी बिघडलीय ना? ती दुरुस्त करताना मला बघू दे." तेव्हा मेस्त्रींची नोकरी माझ्या गाडीवर ठरणार होती. त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट घातला होता.

त्यांनी घाई केली नाही. नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं, इंजिन कुठे चोरून हवा ओढतंय का पाहिलं. पट्ट्या आवळल्या. प्लग काढले, पुसले. पत्र्यावरच्या आकृतीकडे एकदा पाहिलं आणि ती हवा मोजणारी तार असलेला भाग सोडवून उजेडात धरला. तारेवर चिकट थर होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

सोबती हसत म्हणाला, "आमच्या तंजावूरचे लोक, काय सांगू. कॉम्प्युटरलासुद्धा चंदन लावतात."

मेस्त्री माझ्याजवळ आले. हळू आवाजात, आपल्या मराठीत विचारलं, "रायर, तुम्ही तेल घातलंत काय? तिळाचं?"

सोबत्याला मराठी येत नव्हतं. त्यांना मला उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून मराठीत विचारलं. मी नुसती मान हलवली असती तरी ते पुढचं सांभाळून घेणार होते.

मी तमिळमध्ये उत्तर दिलं, सोबत्याला ऐकू जाईल असं. "तिळाचं तेल? मला काय माहीत? फिल्टर तुम्हीच लावलंत."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीही तमिळमध्येच 'बरं साहेब' म्हटलं, "सेरी सार. माझ्याच हातून झालं असेल."

त्यांनी स्पिरिटनं ती तार धुतली, लाल फिल्टर काढून शेडमध्ये ठेवलं, कंपनीचा जुना डबा परत बसवला. गाडी पहिल्या दिवसासारखी चालू लागली. सोबती जाताना मला म्हणाला, "हात चांगला आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत स्वैपाकाचं तेल घालणारा माणूस मी कसा ठेवू?" मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

तिरुच्चीचा माणूस नेमला गेला. मेस्त्री मला पूर्वीसारखंच 'रायर' म्हणत राहिले. शनिवारचं वाचन मात्र मीच बंद केलं, कचेरीत काम वाढलंय म्हणून.

पुढच्या वर्षी त्यांनी शेड सोडली. ओरत्तनाडूला मुलीकडे राहून शेतांवरची पंपाची इंजिनं दुरुस्त करणार होते. जाण्याआधी माझ्या दारात आले. तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते लाल फिल्टर, स्वच्छ धुतलेलं. सोबत काचेची छोटी बाटली, तिच्यावर लाल रंगाची रेघ.

"त्याचं खरं तेल हेच. मद्रासहून मागवलं. एका वेळी रेघेपर्यंत उतरेल एवढंच, रायर. अम्मांचं स्वैपाकघरातलं तेल अम्मांना असू द्या."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आत या, कॉफी घ्या."

"नको. हात काळे आहेत," ते म्हणाले. त्यांचे हात स्वच्छ धुतलेले होते.

मेस्त्री वारल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेही बसमध्ये, त्यांच्या जावयाकडून. सोबतीही आता नाही. ज्या दोघांना सांगायचं ते दोघेही ऐकायला उरले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. तेल मी घातलं होतं. मेस्त्रींची चूक नव्हती. त्यांनी ती नाकानं शोधली आणि स्वतःच्या अंगावर घेतली.

गाडी कधीच विकली. बाटली कपाटात आहे. तेल लाल रेघेच्या बरंच वर आहे, त्यांनी दिलं तेवढंच.